आधी गिरणीवाल्याला भेटा

सोमवार. मुंबई ते पुणे

पैलवानाच्या धाकट्या मुलीचं लग्न शुक्रवारी, कोल्हापुरात. पत्रिका आली होतीच, वर फोनही आला. "दादा, वैनींना घेऊन आला न्हाईसा तर बघा. मी काय परत फोन करनार न्हाई."

मी सिनेमातला साउंडवाला आणि पैलवान हा माझा बूममन, म्हणजे लांब दांड्याला लावलेला माइक धरणारा. पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण युनिटवर ते फक्त पेमेंटच्या व्हाउचरवर दिसायचं. तालमीत घडलेले खांदे, म्हणून पैलवान. बूमचा दांडा डोक्यावर आडवा धरायचा, चार मिनिटं हलायचं नाही, चौकटीत माइक येऊ द्यायचा नाही, भिंतीवर सावली पडू द्यायची नाही आणि नटाने मान वळवली की माइकचं तोंड त्याच्याबरोबर वळवायचं. लोकांना वाटतं, साउंड म्हणजे हेडफोन लावून बसलेला माणूस. तो मी. मेहनत याची.

कोल्हापूर एका रात्रीत गाठता येतं. पण ही म्हणाली, "अहो, आता कुठे कॉलशीट आहे तुम्हाला? थांबत थांबत जाऊ." थांबायची गावं मी निवडली. ती सगळी कुठल्या ना कुठल्या कामाशी जोडलेली निघाली, हे तिच्या लोणावळ्याच्या आसपास लक्षात आलं.

सकाळची इंद्रायणी सीएसएमटीहून पकडली. परळ आलं तसा मी खिडकीला नाक लावून बसलो. गाडीतून राजकमल दिसत नाही हे माहीत असूनही. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये काढलेल्या या स्टुडिओत मंगेश देसाई मिक्सिंग करायचे. 'शोले' त्यांच्या हातचा, आणि कोलकात्याहून सत्यजित राय यायचे तेही त्यांच्याचकडे. त्या काळी मिक्सिंग म्हणजे काय होतं ते आजच्या पोरांना सांगून पटत नाही. हजार फुटांचं रीळ, म्हणजे साधारण अकरा मिनिटं. संवाद, संगीत, पावलं, वारा, दारं, सगळं वेगवेगळ्या मॅग्नेटिक रिळांवर, सगळी रिळं एका वेळी फिरणार आणि माणूस दोन हातांनी त्यांचा तोल सांभाळणार. दहाव्या मिनिटाला पावलं जास्त वाजली, की सगळी रिळं मागे आणि पुन्हा पहिल्यापासून. मधूनच थांबून तेवढंच दुरुस्त करायची सोय नंतर आली. आता कॉम्प्युटर बोटाची प्रत्येक हालचाल लक्षात ठेवतो. चुकायची भीती गेली आणि मिक्सिंग संपायचंही बंद झालं.

रेल्वेचं आणि आमच्या धंद्याचं वैर पहिल्या दिवसापासूनचं. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, तेव्हा पोलिसांना गर्दी आवरावी लागली वगैरे सगळे सांगतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते. तो काढणाऱ्या अर्देशीर इराणींचा स्टुडिओ रुळांजवळ होता, भिंती आवाज अडवणाऱ्या नव्हत्या. म्हणून शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. नटांच्या आसपास कुठेतरी माइक दडवून ठेवायचे आणि पहाटेची पहिली गाडी यायच्या आत उरकायचं. भारताचा पहिला बोलपट रेल्वेच्या टाइमटेबलवर निघाला. यातून एक गोष्ट कळते, ती मला कळायला बरीच वर्षं लागली. रेकॉर्डिंगचं अर्धं काम मशिनवर नसतं. ते आजूबाजूला कोण कधी काय करतं, हे माहीत करून घेण्यात असतं.

कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागली. घाटात बोगदा आला की डब्यातल्या सगळ्यांचा आवाज एक पट्टी वर जातो आणि बोगदा संपल्यावरही थोडा वेळ तिथेच राहतो. आमच्या समोरच्या बाई मंकी हिलपासून खंडाळ्यापर्यंत जावयाची तक्रार ओरडूनच सांगत होत्या.

संध्याकाळी लॉ कॉलेज रोडला आमच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेलो. फाटकावर रखवालदाराला ओळखपत्र, वर्ष, शाखा सगळं सांगून आत. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये या जागेवर आली, कंपनी मिटली आणि १९६० साली सरकारने इथे इन्स्टिट्यूट काढली. प्रभातच्या मालकांपैकी विष्णुपंत दामले यंत्रांत रमणारे. पडदे रंगवण्यापासून सुरुवात, मग कॅमेरा, मग बोलपट आल्यावर साउंडची बाजू त्यांनी अंगावर घेतली. फत्तेलालांबरोबर 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला तो याच माणसाने. १९३७ ला व्हेनिसमध्ये त्या सिनेमाचा गौरव झाला, हे सगळ्या पुस्तकांत असतं. दिग्दर्शक साउंडवाला होता, हे मात्र आम्ही साउंडवालेच एकमेकांना सांगत बसतो. २००९ ला ऑस्कर घेतलेला रसूल पूकुट्टी इथलाच विद्यार्थी, तेव्हा चार दिवस तरी लोकांनी आमच्या खात्याची चौकशी केली होती.

एका जुन्या खोलीच्या दाराशी थांबलो. इथे आम्ही टेप जोडायला शिकलो. पाव इंची टेप, खाचेत बसवायची, ब्लेडने तिरकी कापायची. सरळ कापली तर जोड खट्‌कन ऐकू येतो, तिरक्या कापाने एक आवाज संपत संपत दुसरा सुरू होतो. आणि ब्लेड चुंबकाजवळ ठेवलेलं नसावं. ब्लेडमध्ये चुंबकत्व शिरलं की ते कापताना टेपवर स्वतःची 'टक्' उमटवून जातं. आमचे सर कुठल्याही टेपवर टक् ऐकू आली की वर न बघता विचारायचे, "ब्लेड कोणाचं?"

ही बाहेर आंब्याच्या झाडाखाली बसली होती. ऋत्विक घटकांपासून सगळ्यांनी ज्या झाडाखाली गप्पा मारल्या, ते. म्हणाली, "डास फार आहेत."

मंगळवार. पुणे ते वाई

स्वारगेटहून एसटी. खंबाटकीच्या आसपास ट्रॅफिक, सुरूरला वळण, दुपारी वाईत. सांगण्यासारखं काही नाही. हिला विश्वकोशाची इमारत बघायची होती. तीस वर्षं मराठी शिकवलं, संदर्भ लागला की "विश्वकोशात बघा" असं पोरांना सांगितलं आणि ते जिथे तयार झाले ते वाई कधी पाहिलं नव्हतं. विश्वकोशाचे संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, त्यांचा फोटो तिने बराच वेळ पाहिला. संध्याकाळी ढोल्या गणपतीच्या घाटावर बसलो. डिसेंबर असल्यामुळे कृष्णेला पाणी होतं, पण आवाज नव्हता. वाहतं पाणी अडवणारा दगड नसेल तर नदी मुकीच असते. सिनेमात नदी दिसली की खळखळ घालतात, त्या खळखळीतली निम्मी कुठल्या तरी ओढ्याची असते. मी स्वतः महाबळेश्वरकडचा एक ओढा किती नद्यांना वापरलाय.

बुधवार. मेणवली

इथे थांबायचंच होतं.

नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा घाट आता सगळ्यांना 'स्वदेस'मुळे माहीत आहे. त्याच्या आधीपासून हिंदीवाले, मराठीवाले, सीरियलवाले वाईला येत होतेच. मुंबईपासून एका दिवसात पोहोचता येतं, घाट आहेत, वाडे आहेत आणि चौकटीत विजेचा खांब येत नाही. आम्ही आलो होतो तो सिनेमा थिएटरात आठवडाभर टिकला, तेव्हा नाव सांगून उपयोग नाही. पण त्याचा दिग्दर्शक हट्टी होता. म्हणाला, डबिंग करणार नाही, जे बोलतील ते इथेच घ्यायचं.

तेव्हा हे वेडच समजलं जायचं. आपल्याकडे वर्षानुवर्षं ॲरीचा टू-सी कॅमेरा चालला. हलका, दणकट, कुठेही न्या, पण चालू झाला की शिवणयंत्रासारखा खडखडतो. त्याच्या शेजारी उभं राहून संवाद घ्यायचा म्हणजे तो फक्त पायलट ट्रॅक, नंतरच्या डबिंगला आधार म्हणून. नंतर नट एसी थिएटरात येणार, आपलंच तोंड पडद्यावर बघत तेच वाक्य पुन्हा म्हणणार. सगळ्या युनिटला त्याची सवय झाली. दिग्दर्शक टेक चालू असताना ओरडून सूचना देतो, मागे लाइटवाले गप्पा मारतात, जनरेटर कुठेही उभा. साउंडवाल्याकडे कोणी बघतही नाही. आवाज न करणारे कॅमेरे आले तरी ही सवय गेली नाही. माझं मत असं की डबिंगला कॅमेऱ्याचा आवाज जेवढा कारण होता, त्याहून जास्त कारण आपल्याला गप्प बसायचा कंटाळा होता. २००१ मध्ये 'लगान' एवढा मोठा सिनेमा सिंक साउंडवर, म्हणजे शूटिंगच्या वेळीच घेतलेल्या आवाजावर, करून दाखवला, तेव्हा कुठे निर्माते आमचं म्हणणं निदान ऐकून घ्यायला लागले.

तर आम्ही मेणवलीत. माझ्याकडे नॅग्रा. टेपवर आवाज घेणारं स्वित्झर्लंडचं मशिन, आत टॉर्चचे मोठे बारा सेल, झाकण लावलं की पाच इंची रीळ बसतं आणि सेकंदाला साडेसात इंचाच्या वेगाने ते पंधरा-सोळा मिनिटं पुरतं. असं मशिन पुन्हा झालं नाही. पावसात, धुळीत, बैलगाडीत, कुठेही काटा आपल्या जागेवर. पण नॅग्रा घाटावरचं धुणं थांबवू शकत नाही.

पहिल्या दिवशी कॅमेरा लागला, नट तयार, आणि हेडफोनमध्ये तीन गोष्टी. पलीकडच्या काठावर धुणं आपटायचा आवाज, वाड्याच्या गच्चीवर कावळे, आणि गावातून पिठाच्या गिरणीची पुक्-पुक्. ही गिरणी डोळ्यांना दिसत नव्हती, कानांना फक्त तीच होती. प्रॉडक्शनचा माणूस धावत गेला, "शूटिंग चालू आहे, बंद करा" म्हणून आला. गिरणी दोन मिनिटं थांबली आणि मग दुप्पट जोराने सुरू झाली.

पैलवानाने बूम भिंतीला टेकवला. "दादा, आज राहू द्या. उद्या बगू." आणि गावात निघून गेला. रात्री उशिरा परत आला तेव्हा त्याचं जेवण झालेलं होतं, गिरणीवाल्याच्या घरी. त्याला कळलं होतं ते असं. सकाळी दळणाची गर्दी नऊ ते साडेअकरा. दुपारी बाराला गिरणीवाला जेवायला घरी जातो, झोपतो, चारला येतो. बाजार सोमवारी, त्या दिवशी गिरणी दिवसभर. धुण्याच्या बायका ऊन चढायच्या आत येतात. आणि गिरणीवाल्याचा राग शूटिंगवर नव्हता, "बंद करा" वर होता. "त्यो म्हनला, मला आधी कोन इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून संवादाचे सीन दुपारी बारा ते चार, बाकीचे मुके शॉट सकाळी. कॅमेरामन कुरकुरला, दुपारचं ऊन डोक्यावर येतं म्हणून. दिग्दर्शकाने त्याला गप्प केलं. कावळ्यांसाठी स्पॉटदादा वाड्याच्या दुसऱ्या टोकाला फरसाण टाकून यायचा. धुण्याच्या बायकांपैकी एकीला सीनमध्ये मागून घागर घेऊन जायचं काम मिळालं, तेव्हापासून बाकीच्या स्वतःहून "ए, गप, आवाज घेत्यात" म्हणायला लागल्या.

मग उरलं आमचं नेहमीचं. नायिका पायऱ्या उतरत बोलते, अंगावर नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, हातात काचेच्या बांगड्या. कॉर्डलेस माइक पदराखाली लावला तर मंगळसूत्राची वाटी त्यावर आपटते. मी माइक मेडिकलच्या चिकटपट्टीने थोडा खाली, बरगडीच्या वर लावला, वायरीचा एक वेढा सैल सोडला म्हणजे हालचालीचा ताण माइकपर्यंत जात नाही. वाटीच्या मागे कापसाचा बोळा. बांगड्यांच्या मध्ये-मध्ये तिच्या आईने पातळ दोरा गुंडाळून दिला, कॅमेऱ्याला दिसत नव्हता. इस्त्रीची कडक साडी असती तर काहीच करता आलं नसतं. ती दोनदा धुतलेली होती म्हणून वाचलो. हे सगळं करून झालं, तरी शेवटी वापरला तो बूमचाच आवाज. छातीवरचा माइक माणसाचं बोलणं पकडतो, पण ती कुठे उभी आहे ते सांगत नाही. पैलवान तिच्यापुढे उलटा पायऱ्या उतरत होता. अनवाणी. प्रत्येक पायरी त्याने सकाळी मोजून ठेवली होती.

सीन संपला की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट नुसतीच जागा रेकॉर्ड करायची असते. सेटवर आम्ही त्याला सायलेन्स म्हणायचो. संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये काही कापलं, की तिथे भोक पडतं. ते बुजवायला त्याच जागेची, त्याच वेळेची शांतता लागते, दुसरीकडची चालत नाही. मेणवलीच्या घाटाची शांतता खोलगट आहे. तीन बाजूंनी दगड, समोर पाणी. टाळी वाजवली तर ती पलीकडच्या काठावर जाऊन, थोडी भिजून परत येते. आजही वाजवून बघितली. तशीच आहे.

घाटाशेजारी छोट्या दगडी खोलीत ती मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच. ही मेणवलीची. शूटिंगच्या वेळी तिच्या लोलकाला दिवसभर गोणपाट बांधलेलं असायचं, कारण येणारा प्रत्येक माणूस ती वाजवून बघतोच. हिनेही बघितली. घंटेचा ठोका संपतो, पण तिची खालची गुणगुण बराच वेळ दगडात राहते. साध्या घंटेत ती एवढी जाणवत नाही.

गिरणी अजून आहे. पुक्-पुक् गेली, आता विजेची मोटर, एकसुरी घूं. गिरणीवाल्याचा मुलगा बसतो. मी माझी ओळख सांगितली, सिनेमाचं सांगितलं, नॅग्राचं सांगितलं. त्याने पीठ झटकत माझ्याकडे पाहिलं.

"पैलवान न्हाई आले?"

त्याने चहा सांगितला. म्हणाला, नंतर नंतर मोठी युनिटं यायला लागली, ती गप्प बसायचे पैसे देतात. मग काही जणांनी शूटिंग दिसलं की मुद्दाम ट्रॅक्टर चालू करायचा धंदा काढला. "पैसं दिलं की बंद. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा ट्रॅक्टर." तो हसत सांगत होता, मला काही हसू आलं नाही.

गुरुवार. वाई ते कोल्हापूर

साताऱ्याला एसटी बदलली. उसाचा हंगाम जोरात. कराडच्या पुढे प्रत्येक ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या आणि प्रत्येक ड्रायव्हरच्या डोक्यामागे स्पीकरचा डबा. ट्रॅक्टर दिसायच्या आधी गाणं येतं आणि ट्रॅक्टर गेल्यावर फक्त त्याचा धबधबा उरतो. इंजिनाच्या वर ऐकू यायचं म्हणजे तेवढा आवाज लागणारच. रात्रभर एकट्याने बसायचं असतं त्याला. ही बाजू ऐकणाऱ्याने धरायला हवी.

पैलवानाचं घर मंगळवार पेठेत. दारात मांडव, आत पन्नास माणसं, आणि संध्याकाळी साडेसातला सगळ्या बायका टीव्हीसमोर. लग्नघर असलं तरी सीरियल चुकत नाही. मी कोपऱ्यात बसून पडद्याकडे पाठ करून ऐकलं. ही माझी खोड. सासू वळली, ढॅण. सून वळली, ढॅण. एकही सेकंद संगीताशिवाय नाही. आमच्यातले काही लोक याला नावं ठेवतात. मी कमी ठेवतो, कारण ते मिक्सिंग मी केलेलं आहे. रोज एक भाग द्यायचा असतो, साउंडच्या वाट्याला काही तास येतात. आणि तो टीव्ही कुठे लागलेला असतो? स्वयंपाकघराच्या दाराशी. कुकरच्या तीन शिट्ट्या, मिक्सर, पाहुण्यांचा गलबला. त्यात नाजूक शांतता ठेवली तर बाई म्हणते, टीव्ही बिघडला वाटतं. म्हणून संवाद छातीवरच्या माइकचा, अगदी कानाशी, आणि बाकीची जागा संगीताने बुजवलेली. आम्ही मिक्सिंग मोठ्या स्पीकरवर करायचो आणि शेवटी टीव्हीसारखा एक फाटका छोटा स्पीकर लावून तपासायचो. त्यावर कळलं तर पास. जाहिरात लागली की आवाज वाढतो तोही भास नसतो. जाहिरातवाले हळू आणि मोठा यातला फरकच दाबून टाकतात, सगळंच मोठं.

पैलवान आला, शेजारी बसला. "दादा, पट्टा आठवतोय का?"

पट्टा म्हणजे यू-मॅटिकची, त्या काळच्या व्हिडिओ रेकॉर्डरची, केबल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे बाहेरच्या निर्मात्यांचे कार्यक्रम वाढले तेव्हा आम्हीही सिनेमा नसेल त्या दिवसांत टीव्हीचं काम धरायचो. कॅमेरा वेगळा, रेकॉर्डर वेगळा आणि मध्ये जाड केबल. कॅमेरामन पुढे, रेकॉर्डर खांद्याला लावून मी मागे, माझ्या मिक्सरची केबल पैलवानाच्या माइकला. कॅसेट वीस मिनिटांची. मोर्चा असो की ऊरुस, तिघांनी एकाच पावलाने चालायचं. पंढरीच्या वाटेवर एकदा कॅमेरामन रिंगणाचा घोडा बघून धावत सुटला आणि आम्ही दोघं त्याच्या मागे, वारकऱ्यांमधून, "माउली, माउली, वायर हाय!" नंतर कॅमेऱ्यातच कॅसेट बसायला लागली आणि पट्टा सुटला. त्याबरोबर बऱ्याच ठिकाणी साउंडवालाही सुटला. कॅमेऱ्यावरचा माइक आहे की, म्हणाले.

शुक्रवार. लग्न

अक्षता दुपारी साडेबाराला. वरपक्षाकडून डीजे. बेसच्या चार पेट्या, एकावर एक, कार्यालयाच्या दारासमोर. वरात आली तेव्हा माझ्या हातातल्या सरबताच्या पेल्यावर लाटा उठत होत्या. छातीत ऐकू येतं, कानात नाही. मी आपला कानात कापूस घालून आतल्या खोलीत. आयुष्यभर कानांवर पोट भरलंय, आता उरलेत तेवढे जपायचे.

मुहूर्ताला दहा मिनिटं होती, भटजी उभे राहिले, अंतरपाट धरला, आणि डीजे चालूच. वराचे मामा जाऊन ओरडून आले. डीजेवाल्या पोराने आवाज एक घर कमी केला. वधूचा काका हातवारे करून आला. काही नाही. पोरगं विशी-बाविशीचं, डोळ्यांवर काळा चष्मा, मान हलवतंय.

मुलीचा बाप सोवळ्यात, कपाळाला मुंडावळ्यांचा धागा लागलेला, उठला. मी खिडकीतून बघत होतो. पैलवान त्या पोराजवळ गेला, त्याच्या मशिनवर वाकला, कसल्या तरी बटणाकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. पोराने चष्मा वर केला. दोघं बोलायला लागले. पोराने त्याला एक हेडफोन दिला, पैलवानाने तो कानाला लावला, मान डोलावली, परत काहीतरी विचारलं. इकडे भटजी घड्याळ बघतायत, पैलवानाची बायको कपाळाला हात लावून उभी. मग पोराने स्वतःच्या हाताने आवाज खाली आणला, पूर्ण खाली, आणि मांडवात येऊन अक्षता घेऊन उभा राहिला.

मंगलाष्टकं स्वच्छ ऐकू आली. 'शुभमंगल सावधान'च्या 'न' ला पोरीची आजी हुंदका देऊन रडली, तोही.

जेवायला बसल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस त्याला?

"इचारलं, पेट्या कुठनं घेतल्या, किती वॅटच्या. कोन इचारत न्हाई त्याला, नुसतं वरडत्यात." मग जिलबी वाढत म्हणाला, "आनि सांगितलं, मी पन साउंडचाच मानूस हाय."

शनिवार. कोल्हापूर ते मुंबई

सकाळी केशवराव भोसले नाट्यगृहापर्यंत चालत गेलो. शाहू महाराजांच्या काळातलं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं. मागे खासबागेचं मैदान आहे. या मैदानावर कुस्तीच्या दिवशी हजारो माणसं एकदम श्वास रोखतात तो आवाज रेकॉर्ड करायचं पैलवानाचं जुनं स्वप्न आहे. मी म्हटलं, रोखलेल्या श्वासाला आवाज नसतो. म्हणाला, "असतोय दादा. तुमी आखाड्यात हुबं राहून बघा."

मग चप्पल लाईन. करकर वाजणारी वहाण मागितली तर दुकानदाराने आधी पाय बघितला, मग वय. एकदा मुंबईत फॉलीच्या थिएटरात, म्हणजे पडद्याकडे बघून पावलांसारखे आवाज नव्याने करतात तिथे, पाटलाच्या पावलांचं काम अडलं होतं. तिथे वाळू, खडी, शहाबादी फरशी, लाकडी फळ्या, सगळ्या जमिनी चौकोनांत भरून ठेवलेल्या असतात, पण जोडे होते साहेबी. पैलवानाने घरून वहाणा मागवल्या आणि स्वतःच चालला. नटाचा पाय पडद्यावर पडतो तेव्हाच पाय टाकायचा, चाल ढिली, टाच आधी. त्या सिनेमात पाटील दारात यायच्या आधी त्याची करकर येते, आणि थिएटरात लोक तेवढ्यावर सावरून बसायचे. श्रेय नटाला मिळालं. पावलं पैलवानाची.

नवी वहाण मी घेतली नाही. बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ती वाजवत कुठे जाऊ?

रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस. स्टेशनवर पैलवान आला, हातात लाडवांचा डबा, घसा बसलेला. गाडी सुटली. समोरच्या बर्थवर एक कॉलेजचा मुलगा, फोनवर रील लावलेलं, इअरफोन नाही. तेच गाणं पंधरा सेकंदांचं, पुन्हा, पुन्हा. मिरज गेलं. मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. हिने माझ्याकडे पाहिलं, उठून बसली आणि लाडवांचा डबा उघडला.

"घे रे बाळा. काय बघतोयस एवढं?"

त्याने लाडू घेतला आणि फोन तिच्याकडे वळवला. कोणीतरी मांजराला टोपी घालत होतं. ही हसायला लागली. म्हणाली, "थांब, मला नीट ऐकू येत नाहीये," आणि त्याने आवाज वाढवला.